दिवाणखान्यातून दिसलेले स्वयंपाकघर

लंडनच्या ‘पंच’ या साप्ताहिकाचा पहिला अंक १८४१ च्या जुलैत निघाला, आणि राजकारणी पुरुषांच्या विडंबनाने त्याची कीर्ती दूरवर पसरली. परंतु त्याच पत्रात जॉन लीच या चित्रकाराने १८५० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय गृहस्थांच्या मोलकरणी आणि स्वयंपाकिणी यांच्यावर जी चित्रमाला काढली, तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे वळलेले नाही. बाईसाहेबांसारखाच घेरदार झगा घालून मिरविणारी मोलकरीण, आणि नोकरी पत्करण्यापूर्वी मालकिणीचाच जाबसाल घेणारी स्वयंपाकीण, ही त्या चित्रांतील ठरलेली पात्रे. हसू यावे ते त्यांच्या आगाऊपणाचे, अशी योजना आहे. मला मात्र तेथे मालकिणीची धास्तीच अधिक ठळक दिसते.

ही धास्ती निराधार नव्हती. १८५१ च्या खानेसुमारीत ब्रिटनमधील घरनोकरांची संख्या दहा लाखांवर गेली होती, आणि मिसेस बीटन यांनी १८६१ मध्ये गृहव्यवस्थेवर जो प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला, त्यात वर्षाला हजार पौंड प्राप्तीच्या घराला पाच नोकर, तर दीडशे-दोनशे पौंडांच्या घराला सर्व कामांची एकच मोलकरीण, असे प्रमाणच बांधून दिले होते. त्या एकुलत्या एका मोलकरणीच्या आधारावर जिची प्रतिष्ठा उभी, तिला चुलीपासून आपले अंतर किती थोडे आहे याची जाणीव अहोरात्र असणार. आणि दोघींचे झगे सारखे दिसू लागले की ते अंतरही पुसले जाई. चित्रकार घरमालकांच्या वर्गातला, वर्गणीदारही बहुतांशी त्याच वर्गातले; ज्यांची थट्टा होई त्यांना उत्तर देण्यास पत्र नव्हते.

उत्तर लिहिले गेले, पण ते खाजगी दप्तरात. हॅना कलविक या श्रॉपशरच्या स्त्रीने १८५४ पासून सुमारे दोन दशके रोजनिशी ठेवली. घासलेले बूट, पुसलेल्या पायऱ्या, उचललेला कोळसा यांची तीत जी नोंद आहे, तिच्यासमोर लीचची नटवी मोलकरीण ओळखूच येत नाही. ही रोजनिशी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन झाली, हे आपणां सर्वांचे भाग्य.

हाच विनोद आपल्या मुलखात आला तो साताऱ्यात जन्मलेल्या लेखकाच्या हातून. एडवर्ड हॅमिल्टन एटकन, ज्यांनी ‘ई. एच. ए.’ या आद्याक्षरांनी लेखन केले, ते मिशनऱ्याचे पुत्र. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे अध्यापन करून ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात गेले. त्यांचे ‘बिहाइंड द बंगलो’ १८८९ मध्ये सचित्र निघाले. त्यात गोव्याचा स्वयंपाकी आहे, हमाल, धोबी, आया, माळी, भिस्ती आहेत; धोबी तर दगडावर कपडे आपटून जणू कसला सूड उगवीत असल्यासारखा रंगविला आहे. एटकन यांची निरीक्षणशक्ती असामान्य, आणि भिस्त्याविषयीचा त्यांचा स्नेहही खरा. तरीही हे नोकर बंगल्याच्या ओसरीवरून जेवढे दिसतात तेवढेच आपल्याला दिसतात, त्यांची चूल कोठे पेटते आणि तिच्याभोवती कोण बसते, हे पुस्तक सांगत नाही. लंडनच्या मालकिणीला मोलकरीण आपल्या बरोबरीला येईल ही भीती होती. येथील साहेबाला ती नव्हती, कारण वर्ण आणि राज्यसत्ता यांची भिंत पुरेशी उंच होती. म्हणूनच की काय, त्याचे हसणे अधिक सैल आहे.

गोदाकाठच्या विष्णुपुरीत, जेथे आज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे आहे, त्या परिसरात राहून हा विषय अभ्यासताना मला सालगडी वारंवार आठवतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गुढीपाडव्याला साल ठरे, आगाऊ उचल हाती पडे, आणि वर्षभर शेत, गोठा व वाडा यांत श्रमांची वाटणी उरत नसे. अनेक ठिकाणी त्याची बायको वाड्यातले शेण-झाड करी, तिचा वेगळा हिशेब नसे. त्याची टिंगल करणारे चित्रही कोणी काढले नाही. वहीतील उचलीचा आकडा आणि त्याखालचा अंगठा, एवढाच बहुधा त्याचा दस्तऐवज. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या वह्या वाड्यांच्या माळवदाखालून बाहेर काढाव्यात, आणि ज्यांनी स्वतः साल घातले ते वृद्ध हयात आहेत तोवर त्यांना विचारावे: उचल किती, ज्वारी किती पायली, आजारपणाचा खाडा कोणाच्या माथी मारला जाई, आणि बायकोच्या कामाचे काय मिळे.