न कापता उपचार करणारे क्ष-किरणतज्ज्ञ कसे घडतात?



दवाखान्यातील क्ष-किरण विभाग म्हटला की हाडाचा फोटो, सोनोग्राफी किंवा सी.टी. स्कॅन एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. फोटो काढायचा, अहवाल लिहायचा आणि उपचार दुसऱ्या डॉक्टरांनी करायचा, अशीच आपली समजूत असते. परंतु याच विभागातील काही डॉक्टर प्रतिमेकडे पाहत पाहत स्वतः उपचार करतात. या शाखेला 'इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी' म्हणतात. दहावी-बारावीच्या मुलांना ही शाखा सहसा माहीत नसते, म्हणून हा लेख.

हे काम काय असते?

आपल्या गड्डेन्ना वागू प्रकल्पाचे पाणी मुख्य कालव्यातून उपकालव्यात आणि तेथून चाऱ्यांमध्ये जाते. शरीरातील रक्तवाहिन्यांचे जाळेही असेच आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीत शिरलेली बारीक नळी याच वाटांनी यकृत, मूत्रपिंड, पाय किंवा मेंदूपर्यंत नेता येते. त्यासाठी पोट किंवा छाती उघडावी लागत नाही. त्वचेवर काही मिलिमीटरचे छिद्र पुरते.

एखादी चारी गाळाने बुजली तर ती मोकळी करतात, फुटली तर बांध घालतात. हे डॉक्टरही तेच करतात. अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करणे, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव वाहिनी आतून बंद करून थांबवणे, यकृतातील गाठीपर्यंत औषध थेट पोहोचवणे, तुंबलेल्या पित्तनलिकेत नळी बसवणे, पोटातील पू बाहेर काढणे, ही त्यांची नेहमीची कामे. सर्वच रोगांवर हा उपाय चालतो असे मात्र नाही. कित्येक रुग्णांना शस्त्रक्रियाच योग्य ठरते आणि तो निर्णय सर्व तज्ज्ञ मिळून घेतात.

ही शाखा कशी जन्मली?

जर्मनीत रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. १९५३ साली स्वीडनचे सेल्डिंगर यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. सुई वाहिनीत घालायची, सुईतून लवचीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत ढकलायची. आजही प्रत्येक शिकाऊ डॉक्टर प्रथम हेच शिकतो.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यासमोर ८२ वर्षांची एक वृद्धा होती. तिच्या पायाचा रक्तपुरवठा आटला होता आणि पाऊल सडू लागले होते. पाय कापून घेण्यास तिचा नकार होता. डॉटर यांनी तारेवरून नळ्या सरकवून अरुंद वाहिनी रुंद केली. पाय वाचला आणि ती पुन्हा चालू लागली. पुढे ग्रुन्त्सिग यांनी फुग्याची नळी तयार केली आणि १९७७ साली झुरिच येथे हृदयाच्या धमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली.

शिक्षणाचा मार्ग

बारावीनंतर 'नीट', मग साडेचार वर्षांचे एम.बी.बी.एस. आणि एक वर्षाची इंटर्नशिप. त्यानंतर 'नीट-पीजी' देऊन तीन वर्षांचे एम.डी. रेडिओडायग्नोसिस. पुढे आणखी एक प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचे डी.एम. बेरीज साडेअकरा वर्षे होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात हा डी.एम. अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत २०१२ साली या शाखेला स्वतंत्र मूळ विषयाचा दर्जा मिळाला. तेथे वैद्यकीय पदवीनंतर साधारण सहा वर्षांचे प्रशिक्षण असते.

निवासी डॉक्टर म्हणजे रुग्णालयातच राबत शिकणारा डॉक्टर. त्याला विद्यावेतन मिळते, पण रात्रपाळीही करावी लागते. अपघाताचा रुग्ण पहाटे आला तरी सी.टी. पाहून अहवाल द्यावा लागतो. एम.डी.च्या तीन वर्षांत डोळा तयार होतो आणि डी.एम.मध्ये हात. आधी ज्येष्ठांचे काम पाहायचे, मग मदत करायची, मग ज्येष्ठ शेजारी उभे असताना स्वतः करायचे. मोठ्या सरकारी रुग्णालयात रुग्ण खूप, त्यामुळे शिकायलाही खूप मिळते. कोणती नळी वापरायची हे शिकण्याइतकेच कुठे थांबायचे हे शिकणेही महत्त्वाचे.

क्ष-किरणांपासून स्वतःचे रक्षण करणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. अंगावर शिशाचा जड अॅप्रन आणि त्यासोबत किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला असतो. विज्ञानाच्या तासाला शिकलेला व्यस्त वर्गाचा नियम इथे कामी येतो: किरणांच्या उगमापासून दुप्पट दूर उभे राहिले की मात्रा चौथाई होते.

पालकांनी आताच लक्षात घ्यावयाची गोष्ट

आपले गाव सीमेवरचे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले भैंसा २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे आणि नांदेड जिल्हा अगदी लागून आहे. दहावीनंतर मुलाला 'नीट'च्या तयारीसाठी नांदेडला किंवा लातूरला पाठवावे, असे अनेक पालकांच्या मनात असते. पण तेलंगणाच्या २०२४ च्या नियमानुसार वैद्यकीय प्रवेशात 'स्थानिक' ठरण्यासाठी नववी ते बारावी ही सलग चार वर्षे तेलंगणातच शिकावे लागते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला. उलट महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि तेथील अधिवास असणे आवश्यक असते.

म्हणजे दहावी भैंशातून आणि बारावी नांदेडहून केलेला विद्यार्थी दोन्ही राज्यांच्या कोट्याबाहेर पडू शकतो. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि एम्ससारख्या संस्था त्याला खुल्या राहतात, पण तेथील चुरस मोठी असते. नियमांना काही अपवाद आहेत आणि नियम बदलतही असतात. म्हणून अकरावीचा प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही राज्यांची त्या वर्षाची माहितीपत्रके वाचावीत.

दुसरी बाब भाषेची. 'नीट'ची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. तेलंगणात इंग्रजी, हिंदी, तेलुगू आणि उर्दू हे पर्याय असतात. तेव्हा आठवीपासूनच विज्ञानातील संज्ञा मराठीबरोबर इंग्रजीतूनही पाठ असाव्यात. 'धमनी' समजलेल्या मुलाला 'आर्टरी' शिकायला वेळ लागत नाही. शाळेने आठवी ते दहावीसाठी अशा संज्ञांची दुभाषी वही करून घ्यावी आणि विश्वस्त मंडळाने दरवर्षी नववीच्या पालकांसाठी प्रवेश-नियमांची एक बैठक ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. नववीतच हे कळले तर निर्णय विचारपूर्वक घेता येईल, बारावीनंतर कळले तर हाती काही उरत नाही.