साडेचार मिलिमीटर

पेलेटची डबी पंच्यावर ओतताना हात अगदी खालपर्यंत न्यावा लागतो. वीतभर उंचीवरून ओतली तरी शिसं शिशावर आपटतं आणि एखाद्या छर्‍याचा घेर चेपतो. घेर म्हणजे छर्‍याचा मागचा, परकराच्या झालरीसारखा पोकळ भाग. तो इतका पातळ असतो की नखानं दाबला तरी वाकतो. खारघरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर शनिवारी रात्री मी आणि माझी लेक भिंग घेऊन बसतो आणि चेपलेले बाजूला काढतो. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत. माझे दहा होईपर्यंत तिचे तीस होतात.

ती 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्ही पेलेटचा विचारच केला नव्हता. दुकानदार देईल ती डबी घ्यायची, संपली की दुसरी. विचार सुरू झाला तो माझ्या मावसभावामुळे. तो टेक्सासला असतो. तिथे 9 मिलिमीटरच्या स्पर्धा खेळतो आणि आपली काडतुसं आपणच घरी भरतो. डिसेंबरात आला तेव्हा त्यानं लेकीला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही पावडर कुठली वापरता गं?"

मग रात्री उशिरापर्यंत तो सांगत बसला. झाडलेली पितळी केस परत वापरायची, तिच्यात नवा प्रायमर बसवायचा, ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलून पावडर घालायची आणि वर बुलेट दाबायची. पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळे पावडर पटकन जळणारी हवी. रायफलची सावकाश जळणारी पावडर आखूड नळीत पुरती जळत नाही. नुसता जाळ आणि आवाज होतो. पण पटकन जळणारीतही दहा प्रकार. एक बुलेट बदलली की कालपर्यंत उत्तम असलेली पावडर आज रुसते. "पुस्तकातला आकडा ही सुरुवात," तो म्हणाला. "त्याच्या वर जायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सगळं वहीत लिहायचं."

इथे तसं करता येत नाही. 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि घरच्या टेबलावर काडतूस भरणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. तो तसाच असावा असं मला वाटतं. आपल्याकडे 25 मीटर पिस्तुलाचे खेळाडू .22ची तयार काडतुसं वापरतात. त्या काडतुसाची प्रायमरची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते, ती एकदा फुटली की केस संपली. ती परत भरण्याची सोयच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 साली पालेम्बांगला आशियाई सुवर्ण जिंकलं ते याच .22 पिस्तुलावर. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना तिथेही निवड करावी लागते, पण ती पावडरीची नसते, लॉटची असते. एकाच कारखान्यात, त्याच यंत्रावर, वेगळ्या दिवशी बनलेला लॉट वेगळा वागतो. म्हणून चांगल्या कंपन्या खोक्यावर लॉटचा क्रमांक छापतात, आणि रायफलवाले तर आपली बंदूक घेऊन परदेशात कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात. 50 मीटरवर बंदूक शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल तो वर्षभराचा उचलतात.

आमच्या पिस्तुलात तर जळतच काही नाही. नळीखाली दाबलेल्या हवेचं सिलिंडर, भरलेलं असतं तेव्हा 200 बार. छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटरनं निघतो, म्हणजे दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा. ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास. 2016च्या शस्त्र नियमांतली 20 ज्यूलची रेघ त्याच्या कितीतरी वर आहे, म्हणून याला परवाना लागत नाही. हवेचा दाब पिस्तूल स्वतः सांभाळतं. आपल्या हातात बदलण्यासारखं उरतं ते फक्त शिसं.

मावसभाऊ परत गेला आणि मी वही आणली.

छर्‍याचं नाव 4.5 मिलिमीटर, पण डबीवर बघितलं तर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात. हा छर्‍याच्या डोक्याचा व्यास. डोकं नळीतल्या आट्यांवर टेकून सरकतं आणि घेर मागच्या हवेनं फुगून नळी बंद करतो. डोकं बारीक असेल तर छर्रा नळीत डुलतो. मोठं असेल तर घासत जातो. कुठला बसेल ते नळी ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन नळ्यासुद्धा सारख्या नसतात. वजनं प्रामुख्यानं दोन-तीन: 0.53 ग्रॅमचा जड, 0.49चा हलका, आणि 0.45चाही एक येतो. माझी आई सोनाराच्या घरातली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे चारेक गुंजा. तिच्या माहेरच्या काट्याची आठवण ठेवून मी बाजारातून हजारांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. डोकं सपाट असतं, कारण कागदावर गोल, स्वच्छ भोक पडायला हवं. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग नऊ की दहा हे ठरवता येत नाही.

पनवेलच्या एका रेंजवर आम्ही दोन तासांसाठी एक लेन मागून घेतली. पनवेलला नेमबाजीची हवा आहे. सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण मारून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि 2006मध्ये इथे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. तेव्हापासून हार्बर लाइनवर काखेत लांबट पेटी धरलेली पोरं दिसली तर कुणाला नवल वाटत नाही.

पिस्तुलाची लाकडी ग्रिप काढली. सांगाडा रबराच्या पट्ट्यांमध्ये धरून टेबलाला आवळलेल्या व्हाइसमध्ये बसवला. पहिल्यांदा मी तो इतका आवळला की रेंजवरचे सर ओरडलेच, "साहेब, नळी वाकवायची आहे का?" पट्ट्या जेमतेम धरतील एवढंच घट्ट करायचं आणि प्रत्येक छर्‍यानंतर हलवून बघायचं, हे तेव्हा शिकलो. समोर कागदी लक्ष्य. सहा डब्या, पण लेकीला कुठली कुठली ते माहीत नाही. मी फक्त 'एक', 'दोन' असे चिकटपट्टीवर आकडे लिहिले होते. सिलिंडर प्रत्येक डबीआधी सारखं भरलं. डबी बदलली की पहिले दहा छर्रे मोजायचे नाहीत, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नव्याला जागा करून घ्यायला तेवढा वेळ लागतो. मग पाच-पाचचे चार ग्रुप. प्रत्येक ग्रुपचं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजायचं.

पाच छर्रे एकाच भोकातून गेले की ते भोक गोल राहत नाही, पाकळ्यांसारखं होतं. 'चार' नंबरच्या डबीचं पहिलं भोक बघून लेक माझ्याकडे बघतच राहिली. साडेसहा मिलिमीटर. छर्राच साडेचारचा, म्हणजे पाचही छर्रे दोन मिलिमीटरच्या आत. पुढचे तीन ग्रुपही सात ओलांडेनात. 'दोन' नंबरची डबी सगळ्यांत महाग होती. तिचे ग्रुप नऊ, साडेनऊ, एक तर दहाचा. त्याच डबीवर शेजारच्या लेनमधला मुलगा वर्षभर उत्तम खेळतो आहे. त्याची नळी वेगळी. घरी येऊन चिकटपट्टी काढली तेव्हा 'चार' निघाली 4.50चा हलका छर्रा, मधल्या किमतीचा.

आता खरं बोलायचं तर तिच्या सध्याच्या गुणांना याचा फार फरक पडत नाही. लक्ष्याचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, आणि छर्‍याची कड शिवली तरी दहा मिळतात. साठ छर्‍यांत तिचा हात जेवढा हलतो त्यापुढे छर्‍याचे दोन मिलिमीटर काहीच नाहीत. फरक पडतो तो वर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि 0.1 म्हणजे लक्ष्यावर 0.8 मिलिमीटर. पॅरिसला 2024 साली मनू भाकर 221.7वर थांबली, पुढची खेळाडू 221.8वर होती. कांस्य आणि रौप्याच्या झुंजीत त्यांच्यामध्ये तेवढंच अंतर होतं.

तरीही मी ही खटपट करतो, आणि त्याचं कारण गुण नाहीत. याआधी नऊ लागला की ती डबीकडे बघायची. छर्रा चेपलेला असेल, बॅच खराब असेल, नळी मळली असेल. ती शंका पुढच्या छर्‍याच्या वेळी तिच्या मनगटात उतरायची. आता नऊ लागला की तिला माहीत असतं की ट्रिगर झटका देऊन ओढला गेला. ती हात खाली घेते, श्वास सोडते, पुन्हा उचलते. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःची चूक एवढी स्पष्ट दिसणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

वजनाचा मात्र भ्रमनिरास झाला. शंभर छर्रे एकेक करून तोलले, सारख्या वजनाचे वेगळे काढले, त्यांचे ग्रुप पाडले. न तोललेल्यांपेक्षा एका केसाचाही फरक दिसला नाही. चेपलेले घेर काढल्यानं मात्र लगेच दिसला. म्हणून आता काटा कपाटात आहे आणि भिंग टेबलावर.

दुसरा शत्रू आमच्या हवेत आहे. खाडीकाठचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की उघड्या डबीतलं शिसं पांढरट पडतं. बोट फिरवलं तर पिठासारखं निघतं. ते पीठ हातानं पुसायचं नाही, की तो छर्रा वापरायचा नाही, टाकून द्यायचा. गेल्या पावसाळ्यात एका दुकानातून आलेल्या चार डब्यांपैकी दोन अशा निघाल्या आणि बदलूनही मिळाल्या नाहीत. आता प्रत्येक डबी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट. आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा नियम माझ्या आईनं घातला आहे. शिसं पोटात जाऊ नये हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

चाचणी झाली त्याच संध्याकाळी मी 'चार' नंबरच्या डबीच्या बुडावरचा बॅच क्रमांक लिहून घेतला आणि दुकानदाराला फोन केला. त्यानं गोदामात बघून सांगितलं, त्या क्रमांकाच्या अकरा डब्या आहेत. अकराही मागवल्या. प्रत्येकीवर लेकीनं मार्करनं तारीख टाकली आणि पलंगाखालच्या पेटीत एकीवर एक रचून ठेवल्या. साडेपाच हजार छर्रे. आठवड्याला अडीचशे धरले तर पाच महिने. मग पुन्हा नवा बॅच, पुन्हा पनवेल, पुन्हा व्हाइस.

"बाबा," पेटी आत ढकलताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी आकडे मी लिहीन. तुम्ही मारा."