छायाचित्राची पारख

परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तेथे कापसाचे पांढरेशुभ्र ढीग लागतात. समजा, छायाचित्रणाची आवड असलेल्या एका मुलाने भर दुपारी अशा एका ढिगाचे छायाचित्र घेतले. ढिगाच्या पायथ्याशी मुंडासे बांधलेला एक वृद्ध शेतकरी बसलेला आहे. मुलगा हे चित्र मोठ्या हौसेने मित्रांना दाखवतो. एक म्हणतो, "छान आहे!" दुसरा म्हणतो, "यात काय विशेष? सगळे पांढरेफटक दिसते."

मुलांनो, या दोन अभिप्रायांतून त्या मुलाच्या पदरात काय पडले? पहिल्याने तो सुखावला, दुसऱ्याने खट्टू झाला. परंतु पुढचे चित्र अधिक चांगले कसे घ्यावे, हे त्याला दोघांकडूनही कळले नाही.

तिसरा मित्र मात्र चित्र निरखून पाहतो आणि आधी विचारतो, "तुला यात काय दाखवायचे होते?" मुलगा सांगतो, "कापसाला काय भाव मिळेल, ही म्हाताऱ्याची काळजी." तेव्हा मित्र म्हणतो, "त्याची बोटे कापसात रुतली आहेत. त्यांवरून त्याची काळजी कळते. ते तू नेमके टिपले आहेस. पण मुंडाशाच्या सावलीत चेहरा काळा पडला आहे आणि कापसाचे तंतू दिसतच नाहीत. एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात घेऊन पाहा."

या सल्ल्यामागे कारण आहे. आपला डोळा प्रखर उजेड आणि गडद सावली दोन्हींशी चटकन जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच वेळी ते तितकेसे साधत नाही. दुपारचे ऊन डोक्यावरून येते, म्हणून चेहऱ्यावर दाट सावली पडते. तिरप्या उन्हात मात्र कापसाच्या प्रत्येक बोंदरीमागे बारीक छाया उमटते आणि त्याचा मऊपणा नजरेला जाणवतो.

परस्परांचे काम पाहून शिकण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे. जरा चूक झाली की काच वाया जाई. अशा वेळी दुसऱ्याचा अनुभव किती मोलाचा असेल!

म्हणून अभिप्राय देताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रथम चित्रकाराचा हेतू समजून घ्यावा. जे साधले आहे, ते नेमके कोठे साधले, हे सांगावे. उणीव चित्रातील दाखवावी. चित्र काढणाऱ्याला नावे ठेवू नयेत. त्याला करून पाहता येईल असा उपाय सुचवावा. पण तो स्वीकारायचा की नाही, हे त्याच्यावर सोपवावे. चेहरा अंधारातच राहावा, अशी कदाचित त्याचीच इच्छा असेल!

अभिप्राय ऐकणाऱ्यानेही लगेच वाद घालू नये. शांतपणे ऐकून मग विचार करावा.

पोकळ स्तुतीने हात सुधारत नाही आणि टोचऱ्या शब्दाने नवशिक्याचा हात कायमचा थांबू शकतो. विचारपूर्वक उच्चारलेले एक वाक्य मात्र त्या मुलाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून पुन्हा बाजाराच्या वाटेला लावते.