दुभत्या शेळ्यांची आहारपद्धती आणि जीवनसत्त्वे

शेळीचे दूध गाईच्या दुधाहून पांढरे दिसते, आणि त्यावरून त्यात जीवनसत्त्व ‘अ’ कमी असावे असा ग्रह सहज होतो. हा ग्रह बरोबर नाही. गाईच्या दुधातील पिवळसर छटा ही रूपांतर न झालेल्या कॅरोटिनची होय. शेळीच्या आतड्यात चाऱ्यातील बीटा-कॅरोटिनचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर जीवनसत्त्व ‘अ’मध्ये होते, आणि दुधात असते तेवढ्या प्रमाणात त्याचा रंग जाणवत नाही. गाईच्या बाबतीत गवळ्याच्या डोळ्याला जे कळते, ते शेळीच्या बाबतीत प्रयोगशाळेतच कळावयाचे.

आहारपद्धतीचे मुक्त चराई, अर्धबंदिस्त आणि बंदिस्त असे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. हे वर्गीकरण व्यवस्थापनाला सोयीचे असले तरी जीवनसत्त्वांच्या अभ्यासाला अपुरे आहे. कारण ते शेळी कोठे खाते हे सांगते, काय खाते हे सांगत नाही. ताजा लसूणघास व शेवरीचा पाला मिळणारी शेळी आणि केवळ कडबा व पेंड यांवर ठेवलेली शेळी, दोन्ही बंदिस्तच. परंतु पहिलीच्या आहारात कॅरोटिन व टोकोफेरॉल (जीवनसत्त्व ‘ई’) भरपूर असतात आणि दुसरीच्या आहारात त्यांची वाण असते. उलटपक्षी, वैशाखात दख्खनच्या माळावर गवत वाळून गेलेले असते, तेव्हा मोकळी चराईही नावापुरतीच हिरवी राहते. तथापि शेळी ही मुळात पाला ओरबाडणारी आहे. बोर, बाभूळ यांच्या हिरव्या डहाळ्यांपर्यंत ती पोहोचते, आणि त्यामुळे तिची स्थिती गवतावर अवलंबून असणाऱ्या जनावराइतकी सहसा बिकट होत नाही.

चारा वाळविताना ऊन व हवा यांमुळे कॅरोटिन आणि टोकोफेरॉल यांचा मोठा नाश होतो. त्यातच पाने झडली तर उरलेलेही जाते. मात्र त्याच उन्हात वाळत्या चाऱ्यातील एर्गोस्टेरॉलपासून जीवनसत्त्व ‘ड’ तयार होते. सतत छपराखाली राहणाऱ्या शेळीच्या त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे निर्माण होत नाही, म्हणून तिला उन्हात वाळविलेल्या चाऱ्याचा हा एक उपयोग घडतो. जीवनसत्त्व ‘क’ शेळीच्या यकृतातच तयार होत असल्याने त्याचा प्रश्न उद्भवत नाही.

जीवनसत्त्व ‘अ’चा साठा यकृतात होतो व तो काही महिने पुरतो. त्यामुळे कोरड्या चाऱ्याचा परिणाम उशिरा दिसतो, आणि तो प्रथम करडांवर पडण्याचा संभव अधिक. गर्भावस्थेत ‘अ’ व ‘ई’ ही जीवनसत्त्वे वारेतून फारच अल्प प्रमाणात जातात. करडाची भिस्त चिकावर असते. दीर्घकाळ सुक्या चाऱ्यावर राहून व्यालेल्या शेळीचा चीकच निकस असला, तर पुढे दिलेला हिरवा चारा त्या करडाच्या पहिल्या दिवसांची उणीव भरून काढू शकत नाही. प्रयोगाची आखणी करताना विण्यापूर्वीच्या आहाराची नोंद टाळणे म्हणूनच अक्षम्य होय.

‘ब’ गटाची गोष्ट निराळी. ही जीवनसत्त्वे मुख्यतः कोटीपोटातील सूक्ष्मजीव तयार करतात. चाऱ्यात कोबाल्ट नसेल तर ‘ब-१२’ तयार होत नाही. खुराकाचा अतिरेक झाल्यास कोटीपोटात आम्लता वाढते, थायमिनचा नाश करणारे जंतू बळावतात आणि शेळीच्या मेंदूस इजा होते. फोलेटचे प्रमाण तर शेळीच्या दुधात जात्याच अल्प, गाईच्या दुधाच्या सुमारे पंचमांश. पाल्यात फोलेट असते हे खरे. परंतु त्याचा बहुतांश कोटीपोटात नष्ट होतो, त्यामुळे पाला वाढवून ही उणीव दूर होण्याची अपेक्षा धरू नये. केवळ शेळीच्या दुधावर वाढविलेल्या अर्भकांना होणारा पांडुरोग याच उणिवेमुळे उद्भवतो. (डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस येऊन गर्भवती स्त्रियांच्या ज्या पांडुरोगाचा अभ्यास करू लागल्या, त्याच्या मुळाशीही हेच द्रव्य होते. पालकाच्या पानांतून ते वेगळे करून त्यास ‘फोलिक आम्ल’ हे नाव मिळाले ते १९४१ मध्ये.)

निष्कर्ष काढताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. खुराकाने दूध वाढले की दर लिटरमागे ‘अ’ व ‘ई’ यांचे प्रमाण घटलेले दिसते. दिवसभरात स्रवलेले एकूण प्रमाण मात्र तेवढेच असू शकते. दोन्ही आकडे द्यावेत. तसेच रिबोफ्लेविन प्रकाशाने झपाट्याने नष्ट होते. पारदर्शक बाटलीत उन्हात राहिलेला नमुना आहाराविषयी काहीही सांगत नाही.