ऑर्किड ठेवा, बशी फेका

मागच्या पावसाळ्यात चिखलीच्या एका वस्तीत तापाचे रुग्ण बघायला घरोघर फिरत होते. एका दारात टिनाच्या छपराखाली ऑर्किडची कुंडी होती. जांभळ्या फुलांचा लांब तुरा आलेला. घरातली बाई म्हणाली, "ताई, दिवसभर दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. सकाळी याच्याकडं पाहिलं की बरं वाटतं."

मी वाकून पाहिलं. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आत तिचं लेकरू तापानं फणफणत होतं. त्याला लगेच तपासणीला पाठवलं. ती घाबरून म्हणाली, "झाड फेकून देऊ का?"

मी म्हटलं, "झाड राहू द्या, बशी फेका."

डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस बशी, कूलरची टाकी, बुद्धमूर्तीसमोरची फुलदाणी, पाण्याचा ड्रम असं सगळं रिकामं करून घासायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की पुन्हा फुटतात.

आणि गंमत अशी की बशीतलं पाणी ऑर्किडलाही नकोच असतं.

मातीशिवाय वाढणारं झाड

जगात ऑर्किडच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा मूळ वास एका ऑर्किडच्या शेंगेचा आहे. यातल्या पुष्कळ जाती झाडाच्या फांदीवर राहतात. लोक त्यांना बांडगूळ समजतात, पण ऑर्किड त्या झाडाचा रस पीत नाही. नुसता आधार घेतं. त्याच्या मुळांना हवा लागते. मातीत लावलं आणि रोज पाणी ओतलं की मुळं कुजतात. माझं पहिलं झाड मी असंच प्रेमानं मारलं.

विकत घेताना

आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन डेंड्रोबियम निवडा. ते उष्णता बऱ्यापैकी सोसतं. फॅलेनॉप्सिस दिसायला देखणं, पण त्याला सावली आणि दमट हवा लागते. सिम्बिडियमला थंड रात्री लागतात, ते आपल्याकडं टिकणं कठीण.

फुलं पाहून भुलू नका, मुळं पाहा. घट्ट, पांढरट किंवा हिरवी मुळं चांगली. काळी, दाबल्यावर पिचणारी मुळं असतील तर झाड ठेवून द्या. नवा कोंब फुटलेला असेल तर उत्तम.

लावताना आणि पाणी देताना

तळाला आणि बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी घ्या. त्यात लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. माती नको, राख नको. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी टांगा, पण तापलेल्या टिनापासून दोन-तीन हात खाली. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी किंवा जुनी पातळ साडी बांधा. कूलरचा झोत थेट झाडावर नको.

पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात. कोरडी मुळं चांदीसारखी पांढरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. पांढरी दिसली तरच सकाळी पाणी द्या आणि ते पूर्ण निथळू द्या. उन्हाळ्यात रोज द्यावं लागेल, हिवाळ्यात कमी. बोअरचं जड पाणी सतत दिलं तर मुळांवर क्षाराचा पांढरा थर बसतो. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, पण साठवलं तर ड्रमच्या तोंडाला दाट विणीचं कापड घट्ट बांधा. पानं गर्द हिरवी असून फुलं येत नसतील, तर उजेड कमी पडतोय. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ खत लिटरभर पाण्यात चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

पान किंवा काडी कापताना ब्लेड आधी ज्योतीवर तापवा आणि थंड होऊ द्या. एकीची सुई दुसरीला वापरत नाही ना? ऑर्किडचे विषाणूही असेच पात्यावरून पसरतात.

जंगलातून आणू नका

विदर्भात आंब्याच्या, मोहाच्या झाडांवर वांडा नावाचं ऑर्किड आढळतं. काही ठिकाणी त्याला रास्ना म्हणतात. ते ओरबाडून आणू नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच जंगलात रुजतं. एक झाड तुटलं की दुसरं तयार व्हायला वर्षं लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड काढणं हा तर गुन्हाच आहे.

गुडघेदुखीवर कोणी रास्नाची मुळं उकळून प्यायला सांगितली तर थांबा. रास्ना या एका नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पुडीत नेमकं काय आहे हे आपल्याला कळत नाही. डॉक्टरांना दाखवा.

ताप आला तर

झाड असो-नसो, पावसाळ्यात ताप आला तर रक्त तपासून घ्या. मनानं अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती यातलं काहीही दिसलं तर ताप उतरलेला असला तरी लगेच दवाखाना गाठा.

त्या बाईचं लेकरू बरं झालं. झाडही आहे, आता दाराच्या चौकटीला टांगलेलं, बशीशिवाय. डेंड्रोबियमच्या जुन्या काडीवर कधी कधी छोटं पिल्लू फुटतं. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की ते वेगळं लावता येतं. तिनं पहिलं पिल्लू शेजारणीला दिलं. देताना म्हणाली, "पाणी बेतानं घाल, आणि खाली बशी ठेवू नको."