विश्लेषण : मूल निर्दोष, पण नोंद कायम! ब्रिटनमध्ये ‘प्रिव्हेंट’चा डेटा नेमका कोणाकडे राहतो?

लंडनमधील ११ वर्षांच्या एका मुलाची २०१५ मध्ये ‘प्रिव्हेंट’ या सरकारी योजनेत नोंद झाली. मुलगा कट्टरवादाकडे झुकतोय की काय, अशी शंका होती. चौकशी झाली आणि जून २०१६ मध्ये प्रकरण बंद झाले. नोंद मात्र पोलिसांच्या संगणकात तशीच राहिली. ती पुसावी म्हणून आईने पाठपुरावा केला, पण मेट्रोपॉलिटन पोलिसांनी नकार दिला. वाद उच्च न्यायालयात गेला. ही माहिती ठेवणे बेकायदा असल्याचा निकाल सप्टेंबर २०२० मध्ये लागला, तोवर मुलगा १६ वर्षांचा झाला होता.

हा निकाल पोलिसांपुरता होता. अशी माहिती फक्त पोलिसांकडे असते असे मात्र नाही.

कौन्सिलचा संबंध काय?

ब्रिटनमधील कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली महापालिका. फरक एवढाच की मुलांच्या संरक्षणाची जबाबदारीही तिथे बऱ्याच कौन्सिलांकडे असते. २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्याने शाळा, रुग्णालये, तुरुंग आणि कौन्सिल यांच्यावर एक कर्तव्य टाकले : लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची काळजी घेणे. ज्यांना मदतीची गरज वाटते त्यांच्यासाठी ‘चॅनल’ नावाची समिती असते. तिचे अध्यक्षपद पोलिसांकडे नसून कौन्सिलकडे असते.

एक फॉर्म, किती प्रती?

समजा, चौदा वर्षांचा विद्यार्थी वर्गात काहीतरी भडक बोलला. शिक्षिका ते शाळेच्या सेफगार्डिंग प्रमुखाला सांगते. तो रेफरल फॉर्म भरतो. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, घरची परिस्थिती, मुलगा काय बोलला, हे सगळे येते. अनेकदा धर्म आणि मानसिक आरोग्याची माहितीही असते. या मुलावर आधीच दहशतवादाचा तपास सुरू आहे का, हे पोलीस तपासतात. प्रकरण पुढे गेले तर समितीच्या बैठकीत शाळा, आरोग्यसेवा, समाजसेवा विभाग आणि पोलीस एकत्र बसतात. जो तो आपापल्या यंत्रणेत टिपण ठेवतो. पोलिसांचा तर यासाठी ‘प्रिव्हेंट केस मॅनेजमेंट’ हा स्वतंत्र डेटाबेस आहे.

थोडक्यात, मूळ फाइल एक असली तरी ‘डिलीट’चे बटण प्रत्येकाकडे वेगळे. एकाने पुसले म्हणून दुसऱ्याकडची प्रत जात नाही. कायदाही वेगळा लागतो. कौन्सिल आणि शाळेला ब्रिटनचा जीडीपीआर, तर पोलिसांच्या गुन्हेप्रतिबंधक कामाला २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्यातील स्वतंत्र भाग.

संमती कधी विचारतात?

चॅनलची मदत घ्यायची तर संमती बंधनकारक आहे. मूल लहान असेल तर पालकांची. पण रेफरल करायला संमती लागत नाही. आणि खरी गोम इथेच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३-२४ मध्ये ६,९२१ रेफरल झाले, त्यापैकी फक्त ५१२ जण चॅनलमध्ये घेतले गेले. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत संमतीचा टप्पा आलाच नाही, नोंद मात्र झाली. ज्यांचे वय माहीत होते त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के मुले ११ ते १५ वर्षांची होती. पुढच्या वर्षी रेफरलचा आकडा ८,७७८ वर गेला.

कौन्सिल ही माहिती ‘सार्वजनिक कर्तव्य’ या आधारावर ठेवते. त्यामुळे ‘आमची संमती नाही’ एवढे म्हणून ती मिटत नाही.

मग पुसत का नाहीत?

कारण साउथपोर्ट. जुलै २०२४ मध्ये तिथल्या नृत्यवर्गात तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोर किशोरवयीन असताना २०१९ ते २०२१ दरम्यान तीनदा प्रिव्हेंटकडे पाठवला गेला होता आणि तिन्ही वेळा प्रकरण बंद झाले होते. प्रकरण घाईने बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आढाव्यात म्हटले आहे. त्याच्या आडनावाचे स्पेलिंग चुकीचे नोंदले गेल्याचेही समोर आले. यानंतर कोणता अधिकारी स्वतःच्या सहीने जुनी फाइल पुसेल? पोलिसांच्या माहिती व्यवस्थापनाच्या नियमांतही किमान सहा वर्षांची मुदत असतेच.

पण साउथपोर्टमध्ये माहिती कमी पडली नव्हती. तीन रेफरल हाताशी होते. ते नीट लिहिले आणि एकत्र वाचले गेले नाहीत. सगळ्यांची माहिती सगळीकडे साठवून ही चूक सुधारत नाही, उलट ढीग वाढतो. ‘ओपन राइट्स ग्रुप’ या संस्थेने २०२४ च्या अहवालात आणखी एक आक्षेप घेतला : प्रिव्हेंटमधील माहिती विमानतळ आणि इमिग्रेशन यंत्रणांपर्यंतही पोहोचते.

पालकांना काय करता येते?

लंडन, स्लाव्ह या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुलेही याच शाळांत जातात, त्यामुळे हे माहीत असलेले बरे. आपल्याबद्दल काय नोंदले आहे हे मागण्याचा हक्क सर्वांना आहे. त्याला ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’ म्हणतात. त्यासाठी साधारणपणे शुल्क नसते आणि एरवी महिनाभरात उत्तर द्यावे लागते. मूल लहान असेल तर पालक अर्ज करू शकतात. समज आलेल्या मुलाचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येते, ती ठेवण्यावर हरकतही नोंदवता येते. गुन्हेप्रतिबंध किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन काही भाग नाकारला जाऊ शकतो. तसे झाल्यास ‘इन्फर्मेशन कमिशनर’कडे तक्रार करता येते. मात्र शाळा, कौन्सिल आणि पोलीस या तिघांकडे तीन वेगळे अर्ज करावे लागतात.