सांदण दरीला जायचंय? आधी आभाळ बघा

उन्हाळ्याच्या सहलीसाठी आपल्या गटांत सध्या सांदण दरीचं नाव निघतंय. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ साम्रद गाव आहे. तिथं काळ्या कातळाला पडलेली ही खोल, चिंचोळी भेग. तळाशी ऊन फारसं पोचत नाही, म्हणून भर उन्हाळ्यातही गारवा असतो.

पण अशा घळीत लोंढा आला, तर बाजूला व्हायला जागाच नसते. आणि पाऊस आपल्या डोक्यावरच पडायला हवा असंही नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला की खालचा ओढा भरून येतो, हे आपण शेतावर बघतोच. अमेरिकेतल्या अँटिलोप घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक असेच गेले. पाऊस कित्येक मैल लांब पडला होता.

आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत वळीव बहुधा दुपारनंतर येतो. म्हणून सकाळी लवकर उतरा, दुपारच्या आत वर या. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज ऐका. साम्रदचाच वाटाड्या घ्या. वाट मोठमोठ्या दगडांवरून जाते, मध्ये पाणी साचलेलं असतं. गुडघेदुखी असलेल्या बाईनं वरूनच दरी बघावी. पुढं दोर लावून उतरायचे कडे आहेत, तिथून मागं फिरा. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आभाळ भरलं, वाटाड्या नको म्हणाला, तर गाडीभाडं भरलंय म्हणून उतरू नका. भाडं पुन्हा जमवता येतं.